वैलावरचे सेल

सकाळी भाकरी थापायला बसलं की द्वारकाबाईचं एक लक्ष तव्यावर असायचं आणि दुसरं वैलावर. चुलीच्या त्या मागच्या तोंडावर एरवी कालवणाचं भगुनं बसायचं. पण पावसाळा लागल्यापासून तिथं तिचा सासरा कोंडीबा आपल्या बॅटरीचे सेल मांडून ठेवू लागला होता. तीन सेल, एकाला एक लागून, उभे. जाळ मोठा झाला की त्यांच्यावरच्या कागदाचा करपट वास सुटायचा आणि द्वारका जळतं लाकूड थोडं मागं सारायची.

"मामंजी, लई तापले जणू," ती पदर पुढं ओढून म्हणायची.

"तापू दे. तापल्याबिगर जोर येत न्हाई त्याईला."

वारंगा फाट्यापासून आत, गाडीवाटेनं गेलं की त्यांचं गाव लागायचं. मोठा दुष्काळ सरून विहिरींना पाणी आलं होतं, पण विजेचे खांब फाट्याच्या पुढं सरकले नव्हते. घरोघरी चिमण्या आणि कंदील. बॅटरी असलेली घरं मोजकीच, आणि त्यात कोंडीबाची बॅटरी सगळ्यांत लांब. रानडुकरांच्या मागं लागून त्यानं ज्वारी राखली ती या बॅटरीच्या जिवावर. सेल मंदावले की गावातले लोक ते माळवदावर उन्हात ठेवायचे. दोन-चार दिवस उजेड पुन्हा येतोसा वाटायचा, मग सेल फेकून द्यायचे. कोंडीबाही तसंच करायचा. पण या साली त्याचं काहीतरी बिनसलं होतं. आणलेला नवा सेल आठवडाभरात त्याला मंद वाटायचा. उन्हानं भागेना, म्हणून तो चुलीकडं आला.

द्वारकाला भीती सेलांची होती, आणि त्याहून जास्त जनीची. जनी तिची लेक, नुकतीच पावलं टाकायला लागलेली. चुलीपुढची राख हा तिचा सगळा खेळ. एकदा द्वारकानं वैलावरचा सेल उचलून पाहिला तर त्याचं बूड फुगलं होतं आणि कडेनं चिकट पाणी पाझरत होतं. ते बोटाला लागलं तेव्हा काही वाटलं नाही; नंतर लुगड्याला पुसलं तरी दुपारपर्यंत बोट चरचरत राहिलं. ते बोट जनीच्या तोंडात गेलं असतं तर, हा विचार तिला कामात सुचू देईना.

म्हणून तिनं एक युक्ती काढली. कोंडीबा सेल मांडून तोंड धुवायला न्हाणीकडं गेला की ती ते चटकन उचलायची आणि टोपल्यातल्या गरम भाकरींखाली फडक्यात गुंडाळून ठेवायची. त्याची चाहूल लागली की परत वैलावर. सेल हाताला कोमट लागायचे. कोंडीबा ते बॅटरीत घालायचा, कोठ्याच्या अंधारात जाऊन बटण दाबायचा आणि समाधानानं म्हणायचा, "आता बघ कसा पडून राहिलाय उजेड!"

भाकरीच्या उबेनं सेलात काय जोर येणार, हे द्वारकालाही कळत होतं. मग याला उजेड वाढलेला दिसतो कसा? तिला काही उमजत नव्हतं. चोरी केल्यासारखं वाटायचं, आणि ती चोरी रोज करावी लागायची.

एका बाजाराच्या दिवशी नवरा संतराम वखरात गुंतला होता, तेव्हा मीठ-मिरची आणायला ती सासऱ्याबरोबर फाट्यावर गेली. कोंडीबा बॅटरी काखेत मारूनच निघाला होता. शंकरसिंगाच्या दुकानात शिरल्या शिरल्या त्यानं ती लाकडी फळीवर आदळली.

"काय रे, असले खोटे सेल विकून राहिलास तू? आठ दिसात मरतेत!"

शंकरसिंगाचा बाप निजामाच्या काळात नांदेडहून इथं आलेला. ट्रकवाल्यांशी हिंदी आणि शेतकऱ्यांशी मराठी बोलता बोलता त्याची भाषा दोन्हींची खिचडी झाली होती. तो हसत म्हणाला, "चाचा, गुस्सा काहून करता? दाखवा बराबर." त्यानं जुने सेल काढले, कोरे तीन टाकले आणि दुकानाच्या आतल्या बाजूला, पोत्यांच्या अंधाऱ्या थप्पीवर झोत मारला. "हे बघा. कसा चमकतोय!"

द्वारकानं पाहिलं. पोत्यांवर पांढराशुभ्र गोल पडला होता. थप्पीवर ठेवलेल्या तुपाच्या डब्यावरची गाय, तिच्या गळ्यातली घंटा, सगळं लख्ख दिसत होतं.

"कुठं चमकून राहिलाय?" कोंडीबा मान पुढं काढून म्हणाला. "चिमणीवानी पिवळा पिवळा तर दिसून राहिला. तोबी धुरातून पाहावं तसा."

शंकरसिंगानं झोत जागेवरच धरून ठेवला. त्यानं कोंडीबाकडं पाहिलं, मग द्वारकाकडं. द्वारकानं मान खाली घातली. जुन्या सेलांचा करपलेला कागद बघत तो हळू आवाजात म्हणाला, "हे सेल चांगले आहेत, चाचा. आणि काही झालं तरी चुलीवर नका ठेवू. तापला की सेल आतल्या आत फुगतो आणि फुटतो. एका ड्रायव्हरनं इंजिनवर तापवायला ठेवला होता, त्याच्या हाताचं कातडं गेलं."

"तू मला नको शिकवू," म्हणून कोंडीबानं बॅटरी उचलली.

दुकानाबाहेर आल्यावर द्वारकाला एकेक गोष्ट आठवू लागली. दारात उभ्या माणसाला "कोण हाय?" म्हणून विचारणारा कोंडीबा. ताटातली भाजी बोटानं चाचपणारा कोंडीबा. गावाच्या वाटेनं न अडखळता चालणारा आणि फाट्यावर आला की भिंतीच्या कडेकडेनं जाणारा कोंडीबा. तो आता रस्ता ओलांडायला पुढं झाला. डावीकडून ट्रक येत होता, हॉर्न वाजवत. तो आवाजाच्या दिशेला तोंड करून थबकला, कुठं सरावं ते न कळून. द्वारकानं आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्याचा दंड धरला आणि त्याला मागं ओढलं. रस्ता ओलांडेपर्यंत तिनं तो सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी शेतात भाकरी घेऊन गेल्यावर तिनं संतरामला सांगितलं. दुकानातला झोत, ट्रक, सगळं. संतराम कांदा फोडता फोडता थांबला, पण दचकला नाही.

"मला ठाव हाय," तो म्हणाला.

"ठाव हाय? कवापासून?"

"पेरणीपासून. बानं मला बोलावून तिफन हातात देली, म्हणे कंबर दुखून राहिली. त्याची कंबर न्हाई दुखत, मातीतलं तास दिसत न्हाई."

"मग बोलले काहून न्हाई?"

संतरामनं फोडलेला कांदा भाकरीवर ठेवला. "शिरड शहापूरला आमचा दगडोबा चुलता होता. चांगला हिंडता-फिरता. लोकांनी त्याला सांगितलं, बाबा, तुला दिसत न्हाई आता. त्या दिसापासून ओट्यावर बसला तो उठलाच न्हाई. कोणी हात धरून नेलं तरच परसाकडं जायचा. दोन सालात गेला बिचारा. आमच्या बाला तसं झालेलं बघवायचं न्हाई मला. बॅटरीचं येड हाय तवर हिंडून तरी राहिला ना?"

"आन् जनी चुलीपाशी खेळती, तिचं काय?"

संतरामनं भाकरीचा तुकडा मोडला आणि नुसताच हातात धरून ठेवला.

त्यानंतर द्वारकाला घरात चैन पडेना. चुलीपाशी बसली की ती वैलाकडं बघे, पाण्याला गेली की रिकामी घागर घेऊन अर्ध्या वाटेवरून परत येई. जनीला ती कडेवरून खाली सोडीना. शेजारच्या केशरबाईनं एकदा विचारलंही, "काहून गं, भूत लागल्यावानी करून राहिलीस?" द्वारका घागर उचलून चालू लागली. बोलली असती तर गावभर झालं असतं. भाकरीखाली सेल ठेवण्याचा खेळ मात्र चालूच होता, आणि कोंडीबाचा उजेड काही दिवस वाढे, काही दिवस घटे.

मग तो दिवस आला. आदल्या दिवशी अवकाळी सर येऊन गेली होती, गवऱ्या भिजल्या होत्या. चूल नुसती धुमसत होती. भाकरी अर्धी कच्चीच राहील म्हणून द्वारका केशरबाईकडं चार वाळल्या तुराट्या मागायला गेली. मागच्या दाराला लागून तर घर. जनी झोळीत झोपली होती, ती उठेल असं तिला वाटलं नाही. सेल तिनं आधीच भाकरींखाली दडवले होते.

ती तिकडं जाताच कोंडीबा चुलीशी आला. वैल चाचपलं तर रिकामं. इकडंतिकडं हात फिरवताना त्याला टोपल्यात फडकं लागलं, फडक्यात सेल. कोणी इथं ठेवले म्हणून तो चिडला असेल, नाहीतर वैल गार आहे म्हणून कंटाळला असेल. त्यानं ते तिन्ही चुलीच्या तोंडातून आत सरकवले. आतला आर, लाल निखारा, राखेखाली होता. त्याला तो दिसला नाही.

द्वारका तुराट्या काखेत घेऊन केशरबाईच्या उंबऱ्यावर आली होती तोच आवाज झाला. लग्नात उडवतात त्या मोठ्या फटाक्यासारखा. लगेच दुसरा. तुराट्या तिथंच पडल्या. ती धावली.

घरात राख आणि धूर. चुलीच्या तोंडाची माती निखळून पडली होती, भिंतीवर काळा लगदा उडाला होता, आणि निखारे जमिनीभर पसरले होते. त्या निखाऱ्यांत कोंडीबा गुडघ्यावर रांगत होता. त्याच्या गालावर काळं चिकटलं होतं, त्यातून वाफ निघत होती, पण त्याला त्याचं भान नव्हतं. तो दोन्ही हातांनी जमीन चाचपत होता.

"जने! जने गं! कुठं हाईस? बोल की माय!"

झोळी रिकामी होती. जनी केव्हा उठून उतरली कोण जाणे. ती कणगीला पाठ लावून उभी होती, तोंडात मूठ घालून, डोळे वटारून. भीतीनं तिचा आवाज फुटत नव्हता. पुढच्या दारातून येणारं सकाळचं ऊन थेट तिच्या अंगावर पडलं होतं. कोंडीबाचा हात तिच्या पायाजवळून गेला, मागं फिरला, पुन्हा निखाऱ्यांत गेला. त्यानं तिच्याकडं तोंड केलं होतं आणि तो तिला हाका मारत होता.

द्वारकानं झेप घेऊन लेकीला उचललं.

"हाय, मामंजी. जनी माझ्यापाशी हाय."

"दाव. कुठं हाय, दाव मला!"

तिनं जनीला त्याच्या पुढं धरलं. कोंडीबानं तिचं तोंड चाचपलं, कान, डोळे, पोट. "लागलं काय तिला? रक्त हाय काय कुठं?"

"न्हाई. झबल्याला भोक पडलंय निस्तं."

"बघ बराबर. मला..." एवढं बोलून तो थांबला. आता जनी मोठ्यानं रडू लागली, आणि तिचं रडणं ऐकून म्हातारा खाली बसला.

केशरबाई आली, लोक आले. कोणी निखाऱ्यांवर पाणी मारलं. द्वारकानं परात भरून आणली आणि कोंडीबाचे हात त्यात बुडवले. गालावर ओल्या फडक्यानं पाणी सोडत राहिली. तळव्यांची कातडी जागोजाग उलली होती. चुलीत न फुटलेला तिसरा सेल केशरबाईच्या नवऱ्यानं, रामजीनं, लांब काठीनं बाहेर ओढला आणि मातीचं ढेकूळ टाकून झाकला. त्या दिवशी गावातल्या बायकांनी आपापल्या माळवदांवरचे जुने सेल वेचून उकिरड्यावरही न टाकता गावाबाहेरच्या खड्ड्यात पुरले, कारण उकिरडाही पेटतोच कधीतरी.

संतराम शेतातून आला तेव्हा गर्दी पांगली होती. कोंडीबा ओट्यावर, हात परातीत. द्वारका दाराच्या आडून पदर ओढून उभी होती. घरची सून सासऱ्याशी बोलते त्याहून ती त्या दिवशी जास्त बोलली.

"मामंजी, सेल खराब नव्हते. नवे होते. शंकरसिंगाच्या दुकानात मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं. तुमच्या डोळ्याला कमी दिसून राहिलंय."

संतरामनं मान वर केली नाही. कोंडीबा परातीतलं पाणी हलवत राहिला.

"मलाबी वाटलंच होतं," तो शेवटी म्हणाला. "पण सेलाचं बरं असतं, पोरी. सेल बदलता येतात."

द्वारकाला रडू आलं, आणि त्या भरात तिनं भाकरींखालच्या सेलांचं आणि संतरामला आधीपासून ठाऊक असल्याचंही सांगून टाकलं. ते मात्र त्याला लागलं. त्याचा चेहरा बदलला.

"म्हंजी सगळं ठाव असून तुमी मला लेकरावानी खेळवून राहिले व्हते? दोघंबी?"

त्या दिवसापासून तो सुनेशी बोलेनासा झाला. ताट पुढं आलं की जेवायचा, भाकरी बोटांत धरवेना म्हणून संतराम भरवायचा. हात बरे होत होते, पण माणूस ओट्यावरून उठेना. संतराम येता-जाता त्याच्याकडं बघायचा, मग द्वारकाकडं. त्याच्या नजरेत दगडोबा चुलता दिसायचा. तो बोलून दाखवत नव्हता एवढंच.

केशरबाईनं खबर आणली. कळमनुरीच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरणार होतं. तिच्या थोरल्या भावाचा मोतीबिंदू मागच्या साली असाच काढला होता, आणि तो आता सुईत दोरा ओवतो, असं ती म्हणाली. सुईदोऱ्याचं कुणाला खरं वाटलं नाही. कोंडीबा तर उसळलाच. "डोळ्याला चाकू लावून घेऊ? हाय ते तरी राहील का? न्हाई जायचं मला."

संतरामनं समजावलं, रामजीनं समजावलं. तो हलेना. तेव्हा द्वारका माजघरातून ओट्यावर आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"त्या दिशी जनी कुठं होती, तुमाला ठाव हाय?"

कितीतरी दिवसांनी तो तिला उत्तर द्यायला तयार झाला. "कुठंतरी लपली व्हती. कणगीमागं."

"मागं न्हाई. कणगीपुढं. तुमच्यापुढं. उन्हात उभी होती, तुमच्या हाताला लागायची ऱ्हाइली."

कोंडीबाचं तोंड उघडं राहिलं. "माझ्यापुढं?"

"व्हय."

त्या रात्री तो जेवला नाही. पण सकाळी उठून त्यानं धुतलेलं धोतर मागितलं आणि संतरामला बंडी जुंपायला सांगितलं.

कळमनुरीच्या शाळेत बाकं बाहेर काढून खोल्यांत सतरंज्या अंथरल्या होत्या. नांदेडहून आलेल्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. डावा पार पिकलाय, तो आधी काढू, उजव्याचं पुढच्या साली बघू, असं सांगितलं. डोळ्यातलं काम फार वेळाचं नव्हतं. खरा जाच नंतरचा. पट्टी बांधून उताणं पडून राहायचं, मान हलवायची नाही, खोकायचं नाही, वाकायचं नाही. जन्मभर पायाला भिंगरी असलेल्या माणसाला हे कसं जमावं! तो सारखी बोटं हलवायचा, सतरंजीचे दोरे उपसायचा. कळमनुरीच्याच बौद्धवाड्यातली पद्माबाई तिथं नर्स होती, तरुण आणि कडक. ती सारखी फेऱ्या मारायची.

"बाबा, मान हलवली तर सगळं वाया जाईल. मी बांधून ठेवीन तुम्हाला."

"बांधच गं माय. माझ्याच्यानं राहवून न्हाई राहिलं."

तिनं खरंच डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. द्वारका उशाशी बसून राहायची. जनी केशरबाईकडं होती, तिची आठवण यायची. पट्टीखाली काय झालं असेल, उघडल्यावर याला अंधारच दिसला तर आपण याला इथं आणलं म्हणून जन्मभर कोण बोलणार, संतराम की हा स्वतः, हे ती मनात घोळवत बसायची. कोंडीबानं एकदा हळूच विचारलं, "झोपलीस का?" ती नाही म्हणाली. "मग बोल कायबी. गप नको बसू." तिनं माहेरच्या म्हशीची गोष्ट सांगितली, मग विहिरीत पडलेल्या घागरीची. त्याला हसू आलं आणि पद्माबाई दोघांवरही ओरडली.

पट्टी निघाली तेव्हा त्याला स्पष्ट काही दिसलं नाही. उजेड दिसला, त्यात हलणारे रंग दिसले. डोळ्याला पाणी आलं. तो घाबरून गेला, द्वारकाही. डॉक्टर म्हणाले, चष्मा लागेल, जाड. तो यायला आणखी काही आठवडे गेले. त्या काळात कोंडीबा घरभर चिडचिड करत फिरला, पण ओट्यावर बसला नाही.

चष्मा आला तो बोटभर जाड भिंगाचा, कानाला दोरीनं बांधायचा. त्यातून सगळं मोठं आणि जवळ आल्यासारखं दिसायचं. पहिल्या दिवशी त्यानं पाण्याचा तांब्या घ्यायला हात पुढं केला आणि तांब्याच्या अलीकडची हवा धरली. पायरी उतरताना पडता पडता वाचला. जनी त्याच्या चष्म्यातला भला मोठा डोळा पाहून पळाली. दिवसभर त्यानं तिला बोलावलं, संध्याकाळी ती आली आणि तिनं चष्म्याची दोरी ओढली.

चार दिवसांनी तो एकटाच शेताकडं निघाला. संतराम आधीच गेला होता. द्वारका भाकरीचं टोपलं डोक्यावर घेऊन मागून चालली होती. नको म्हटलं असतं तरी तो ऐकला नसता. शिवारात हरभरा घाट्यावर आला होता. कोंडीबा धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर, उभा राहिला, चष्मा सारखा केला आणि बराच वेळ शेजारच्या शेषरावच्या वावराकडं बघत राहिला. मग एकदम ओरडला.

"संतराम! ए संतराम! हा धुरा कोणी कोरला?"

संतराम पलीकडून धावत आला. "कुठं, बा?"

"डोळे फुटले का तुझे? नांगराचं एक तास आत आलाय त्यो! तू इथं रोज येऊन काय करून राहिला व्हतास?" आणि मुलाच्या उत्तराची वाट न बघता म्हातारा धोतराचा काचा मारून शेषरावच्या वावराकडं निघाला. ढेकळांत पाय चुकत होता, पाऊल वर उचलून तो भलतीकडंच टाकत होता, तरी थांबत नव्हता.

"बा, हळू! पडशील!" संतराम मागून म्हणाला.

द्वारकानं टोपलं धुऱ्यावर ठेवलं, पदर कमरेला खोचला आणि त्या दोघांच्या मागं झपाझप चालू लागली.